साचा सुटत नाही, काय लावू?

कौशल्य अभ्यासपाठ : मातीकाम करणाऱ्या गटांसाठी



पणत्या, धूपदाण्या, लहान कुंड्या आणि शोभेच्या वस्तू करणारे बचत गट आता अनेक पाड्यांवर दिसतात. चाकावर हात बसायला काही वर्षे जातात. साच्यावर मात्र नवी ताईदेखील आठवडाभरात काम उचलते. म्हणून बहुतेक गट प्लास्टर ऑफ पॅरिसचे साचे वापरतात. या गटांना भेट दिली की एक प्रश्न हमखास कानावर येतो, "साच्यातून वस्तू सुटत नाही, काय लावू?" मग कोणी खोबरेल सुचवतो, कोणी व्हॅसलिन, कोणी जळके ऑइल, कोणी साबण. दुकानदार तर एखादी बाटलीच पुढे करतो.

प्रश्न लहान वाटतो, पण गटाचा सगळा हंगाम त्यावर अवलंबून असतो. पणतीची खरी विक्री वर्षातून तीन-चार आठवड्यांची. त्या दिवसांत साचे निकामी झाले, तर नवे साचे ओतून ते पुरते वाळेपर्यंत मागणी दुसरीकडे गेलेली असते. एका गटात असे घडताना पाहिले आहे. कोणाच्या तरी सांगण्यावरून ताईंनी सगळ्या साच्यांना आतून गोडे तेल चोळले. पहिल्या दिवशी पणत्या भराभर सुटल्या. दोन-तीन दिवसांनी माती साच्यात ओलीच राहू लागली, मग चिकटू लागली. चिकटते म्हणून आणखी तेल लावले, तेल लावले म्हणून आणखी चिकटली. दिवाळी तोंडावर आली तेव्हा निम्मे साचे कोपऱ्यात पडून होते. त्या ताईंच्या मेहनतीत काही कमी नव्हते. साच्याला तेल का चालत नाही, एवढेच त्यांना कोणी सांगितले नव्हते.

म्हणून या पाठात औषधांची यादी पाठ करायची नाही. कोणत्या जागी काय लावावे आणि कोणत्या जागी काहीच लावू नये, हे आपले आपल्याला ठरवता यावे, हा या पाठाचा उद्देश आहे.

१. प्लास्टर पाणी पिते, म्हणूनच ते उपयोगी आहे

प्लास्टर ऑफ पॅरिस जिप्सम नावाच्या मऊ दगडापासून बनते. पॅरिस शहराजवळ या दगडाच्या मोठ्या खाणी होत्या, त्यावरून हे नाव पडले. आपल्या देशात जिप्सम मुख्यतः राजस्थानात, बिकानेर आणि नागौर या भागांत मिळते. जिप्समच्या अंगात पाणी बांधलेले असते. तो दगड सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्यातले तीन-चतुर्थांश पाणी उडून जाते आणि पांढरी भुकटी उरते. या भुकटीत आपण पाणी घातले की ती गेलेले पाणी परत घेते, गरम होते आणि पुन्हा दगडासारखी घट्ट होते.

आता थोडा हिशेब करू. १ किलो प्लास्टरला घट्ट होण्यासाठी खरे तर सुमारे १९० मिलिलिटर पाणी पुरते. पण एवढ्या पाण्यात ते कालवताच येत नाही. म्हणून साच्यासाठी १ किलो प्लास्टरला सुमारे ७०० मिलिलिटर पाणी घेतात. मग उरलेले अर्धा लिटर पाणी कुठे जाते? साचा वाळताना ते हळूहळू उडून जाते आणि आपली जागा मोकळी ठेवून जाते. डोळ्यांना न दिसणारी ही असंख्य बारीक छिद्रे म्हणजेच साच्याची खरी ताकद.

ओली माती कोरड्या साच्यात दाबली की ही छिद्रे मातीतले पाणी ओढून घेतात. मातीचा जो पृष्ठभाग साच्याला टेकलेला असतो तो आधी सुकतो, आकसतो आणि साच्यापासून केसभर अलग होतो. वस्तू आपोआप सुटते. म्हणजे मातीला सोडवणारे द्रव्य साच्याच्या अंगातच आहे, आणि ते म्हणजे त्याची तहान. साच्याला तेल लावणे म्हणजे ती छिद्रे बुजवणे. तहान गेली की साच्याचा धर्मच गेला.

हे ज्ञान नवे नाही. प्लास्टर येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे भाजलेल्या मातीचे साचे वापरले जात होते, आणि तेही असेच पाणी शोषतात. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सातवाहन काळातील, दोन भागांच्या साच्यात घडवलेल्या पांढऱ्या मातीच्या सुबक मूर्ती सापडल्या आहेत. तेथील लामतुरे संग्रहालयात हा ठेवा पाहता येतो. तेर हे प्राचीन काळी व्यापाराचे मोठे गाव होते. साच्याने एकसारखा माल काढण्याचे कसब आपल्या मातीत सुमारे दोन हजार वर्षांपासून आहे, हे गटातल्या मुलींना जरूर सांगावे.

२. आधी विचारा : कोणाला कोणापासून सोडवायचे आहे?

आपल्या घरात हा विचार आपण रोज करतो. भाकरी थापताना परातीत कोरडे पीठ भुरभुरवतो, तेल ओतत नाही. इडलीच्या भांड्याला मात्र तेलाचा हात फिरवतो. भाकरीच्या जागी तेल आणि इडलीच्या जागी पीठ असे कोणी करत नाही, कारण कोणता पदार्थ कशावर आहे हे आपल्याला ठाऊक असते.

कामाच्या ठिकाणीही आपल्या माणसांनी हे पाहिलेले आहे. वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे विटेच्या साच्यात वाळू किंवा राख भुरभुरवतात. चिखल साच्याला धरत नाही आणि वीट अलगद उतरते. बांधकामावर जाणारे दादा सेंटरिंगच्या फळ्यांना जळके ऑइल मारतात. तिथे ते योग्यच आहे, कारण फळीने काँक्रीटचे पाणी पिऊ नये आणि सिमेंट फळीला धरू नये, हाच तिथला हेतू असतो. पण तीच सवय मातीच्या साच्यावर आणली की घात होतो, कारण साच्याने पाणी प्यावे अशीच आपली इच्छा असते.

मातीकामात तीन प्रसंग येतात. एक, माती प्लास्टरपासून सोडवायची, म्हणजे रोजचे उत्पादन. दोन, प्लास्टर प्लास्टरपासून सोडवायचे, म्हणजे साच्याचा दुसरा भाग ओतणे किंवा साच्याची प्रत काढणे. तीन, प्लास्टर दुसऱ्या एखाद्या वस्तूपासून सोडवायचे, म्हणजे लाकूड, काच, धातू यांच्या नमुन्यावरून साचा घेणे.

या प्रसंगांतील पहिल्या दोन्हींसाठी एकच सोपी कसोटी आहे. प्लास्टरवर बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवा. मातीकामाच्या वेळी तो थेंब लगेच मुरला पाहिजे. प्लास्टरवर प्लास्टर ओतायच्या वेळी तो थेंब अळूच्या पानावरच्या थेंबासारखा उभा राहिला पाहिजे. एवढे लक्षात राहिले तरी अर्धा पाठ झाला.

३. माती प्लास्टरमधून सोडवताना

कोरड्या, स्वच्छ साच्याला बहुधा काहीच लावावे लागत नाही. तरीही माती चिकटत असेल तर हात तेलाकडे नेण्याआधी कारण शोधावे.

साचा ओला आहे का? गालाला लावून पाहा. थंडगार लागला तर आत पाणी आहे. अधिक पक्के करायचे तर साचा रोज वजन करून पाहा. वजन उतरायचे थांबले की साचा वाळला. दिवसभर एकाच साच्यावर काम केले की तो पाण्याने भरतो आणि मग सोडत नाही. यावर उपाय साच्यांचे दोन संच करण्याचा. एक कामात, दुसरा वाऱ्यावर. साचा चुलीजवळ किंवा भट्टीवर मात्र ठेवू नये. साधारण ५० अंशांच्या वर सतत उष्णता लागली तर प्लास्टर पुन्हा भुसभुशीत होऊ लागते.

माती फार ओली आहे का? बोटांना चिकटणारी माती साच्यालाही चिकटणारच. कणकेसारखी मळलेली, हात स्वच्छ ठेवणारी माती घ्यावी.

साच्यात कुठे आत वळलेली जागा आहे का? बाटलीच्या मानेसारखा आकार एका बाजूने कधीच निघणार नाही. तिथे दोष आकाराचा असतो, कोणतेही द्रव्य तो दूर करू शकत नाही. असा साचा दोन किंवा अधिक भागांत करावा लागतो.

साचा नवा आहे का? नव्या साच्याच्या अंगावर ओतकामातला थोडा साबण राहिलेला असतो. पहिल्या एक-दोन वस्तू बाजूला काढाव्यात. त्या माती साबण उचलून नेतात आणि साचा मोकळा होतो.

हे सगळे पाहूनही बारीक नक्षी धरून राहत असेल, तर कोरडी भुकटी वापरावी. गणपतीच्या कारागिरांच्या परिचयाची शंखजिऱ्याची पावडर यासाठी चांगली. मक्याचे पीठही चालते. ते भट्टीत जळून जाते, त्यामुळे ज्या वस्तूवर पुढे झिलई द्यायची आहे तिच्यासाठी ते अधिक बरे. काहीच नसेल तर वस्त्रगाळ केलेली चुलीची राख. भुकटी मलमलच्या तुकड्यात बांधून पुरचुंडी करावी आणि साच्यावर हलकेच आपटावी. साच्यावर धुक्यासारखा थर दिसला की पुरे. जास्त झाली तर नक्षी बुजते आणि वस्तूवर डाग दिसतात. भुकटी उडते तेव्हा नाकातोंडावर ओढणी किंवा रुमाल बांधावा.

थाळीसारख्या मोठ्या, उथळ साच्यात भुकटीऐवजी पातळ ओले मलमल अंथरून त्यावर मातीची पोळी घालता येते. कापड उचलले की माती वर येते. कापडाची वीण मात्र वस्तूवर उमटते, हे लक्षात ठेवावे.

काही गट मातीचा रबडीसारखा घोळ साच्यात ओततात. कारखान्यात त्याला स्लिप म्हणतात. उत्तर प्रदेशातील खुर्जा गावच्या मातीकामातही ही पद्धत वापरतात. स्लिपसाठी तर साच्याला काहीही लावू नये, भुकटीही नाही. ओतलेला घोळ ती धुऊन नेतो आणि भांड्याच्या अंगावर चट्टे पडतात.

तेल, व्हॅसलिन, मेण, गाड्यांच्या दुकानात मिळणारा सिलिकॉनचा फवारा हे चारही साच्याच्या आतल्या अंगाला वर्ज्य समजावेत. सिलिकॉनचे तर दुहेरी नुकसान. तो मातीच्या वस्तूवरही जातो आणि पुढे त्या जागी झिलई धरत नाही.

४. प्लास्टर प्लास्टरवरून सोडवताना

इथे उलटे आहे. जुन्या प्लास्टरवर नवे ओतले तर जुने प्लास्टर नव्याचे पाणी ओढते, नवे त्याच्या छिद्रांत शिरते आणि दोन्ही एकजीव होतात. मग छिन्नीनेही वेगळे होत नाहीत. म्हणून इथे छिद्रे बुजवायचीच आहेत. त्यासाठी जुने, स्वस्त आणि उत्तम साधन म्हणजे साबण.

साबण का चालतो? विहिरीच्या जड पाण्यात कपडे धुताना साबणाला फेस येत नाही, उलट बादलीच्या कडेला पांढरा चिकट साका धरतो, हे प्रत्येक ताईने पाहिले आहे. जड पाण्यातला कॅल्शियम आणि साबण यांची गाठ पडली की हा साका तयार होतो आणि तो पाण्यात विरघळत नाही. प्लास्टरमध्ये कॅल्शियम भरपूर असतो. त्यावर साबण चोळला की तोच साका प्लास्टरच्या वरच्या छिद्रांत तयार होतो आणि पाण्याला वाट बंद होते. धुण्याच्या वेळी जो साका नकोसा वाटतो, तोच इथे आपले काम करतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट कळते. कपड्यांची डिटर्जंट पावडर किंवा डिटर्जंटची वडी इथे उपयोगाची नाही. जड पाण्यात साका होऊ नये म्हणूनच ती बनवलेली असते. उलट ती पाण्याला अधिक पसरवते. तेव्हा तेलापासून बनवलेला खरा साबण हवा. ओळखायचा कसा? त्याचा थोडा किस विहिरीच्या जड पाण्यात ढवळा. पांढरा साका तरंगला तर तो साबण. नुसताच फेस आला आणि पाणी स्वच्छ राहिले तर ते डिटर्जंट.

कृती अशी करावी. सुमारे १०० ग्रॅम साबण किसून अर्धा लिटर गरम पाण्यात पूर्ण विरघळवावा. थंड झाल्यावर पातळ कढीसारखा दिसला पाहिजे. साच्याचा पहिला भाग घट्ट झाल्यावर त्याच्या कडेला जुळणीच्या दोन-तीन गोल खाचा कोराव्यात. तो भाग अगदी कोरडा असेल तर आधी पाण्याने ओला करून वरचे पाणी टिपून घ्यावे. मऊ ब्रशने साबण लावून खाचांसकट सगळीकडे चोळावा. काही मिनिटे थांबावे. मग ओला करून पिळलेल्या स्पंजाने सगळा साबण पुसून काढावा. पुन्हा लावावा, पुन्हा पुसावा. असे चार-पाच वेळा केले की पृष्ठभाग गुळगुळीत आणि किंचित चमकदार दिसू लागतो. थेंब ठेवून पाहावा. उभा राहिला तर काम झाले.

शेवटचे पुसणे विसरू नये. फेस किंवा साबणाचा जाड थर राहिला तर नव्या प्लास्टरच्या अंगावर बारीक खड्डे पडतात आणि ते मऊ राहते. सोडवण्याचे काम आत मुरलेला साबण करतो; वर राहिलेला फक्त खराबी करतो.

दुसरा भाग ओतताना मूळ नमुना पहिल्या भागातून काढू नये. तो जागेवर असला की साबण फक्त जोडाच्या कडेला लागतो आणि पहिल्या भागाचे आतले, माती घेणारे अंग साबणापासून वाचते. हे लहानसे पथ्य साच्याचे आयुष्य वाढवते.

ओतलेले प्लास्टर गरम होते आणि मग निवू लागते. साधारण पाऊण ते एक तासाने, ते अजून कोमट असतानाच दोन्ही भाग वेगळे करावेत. पूर्ण थंड होईपर्यंत किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नये. आतल्या अंगाला साबण लागलाच असेल तर पाण्यात थोडा व्हिनेगर घालून त्या स्पंजाने पुसावे, स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसावे आणि साचा वाळू द्यावा.

याच कौशल्याने गटाला आणखी एक गोष्ट करता येते, आणि ती पैशाच्या दृष्टीने सर्वात मोठी आहे. चांगल्या साच्यावर साबण लावून त्याची प्लास्टरचीच उलटी प्रत घेता येते. हा आपला मूळ साचा. त्यात माती कधीच भरायची नाही. तो कापडात गुंडाळून कपाटात ठेवायचा आणि कामाचे साचे झिजले की त्यावरून नवे ओतायचे. ज्या गटाकडे मूळ साचा आहे त्याला दरवर्षी बाजारातून साचे विकत घ्यावे लागत नाहीत, आणि आपल्या पाड्याची नक्षीही आपल्याच हातात राहते.

५. इतर नमुन्यांवरून साचा घेताना

नमुना ओल्या मातीचा असेल तर काहीही लावू नये. मातीतल्या ओलाव्यामुळे प्लास्टर तिला धरत नाही. साबण लावला तर उलट बुडबुडे उठतात. भोवतीच्या फळ्यांना मात्र साबणाचा किंवा तेलाचा हात द्यावा.

काच, स्टील किंवा झिलईची वाटी असेल तर तिला छिद्रे नसतात. साबणाचा किंवा व्हॅसलिनचा अगदी पातळ हात पुरे. व्हॅसलिन बोटाने लावून कापडाने पुसून टाकावे. पुसल्यावर जे उरते तेच खरे. ब्रशच्या रेघा राहिल्या तर त्या रेघा साच्यात आणि साच्यातून प्रत्येक पणतीवर उतरतात.

लाकूड किंवा भाजलेली, झिलई नसलेली वस्तू असेल तर ती पाणी पिते. तिच्यात प्लास्टरसारखा मोकळा कॅल्शियमही नसतो, त्यामुळे नुसत्या साबणाचा साका नीट धरत नाही. तिला आधी लाखेचे पॉलिश द्यावे. चपडा लाख पॉलिशच्या स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवली की विरघळते. त्याचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात वाळू देऊन, द्यावेत आणि त्यावर साबण किंवा पुसलेले व्हॅसलिन लावावे. स्पिरिट लगेच पेट घेते, म्हणून हे काम चुलीपासून आणि विडीपासून दूर, उघड्यावर करावे.

लाख ही तर आपल्या जंगलाचीच वस्तू. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर लाखेचे किडे पोसले जातात. झारखंड आणि छत्तीसगडमधील कितीतरी आदिवासी कुटुंबांच्या घरखर्चाला लाखेचा आधार आहे. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. दुकानातून बरणीत विकत आणलेले पॉलिश मुळात कोणाच्या तरी पळसावरून उतरलेले असते, हे माहीत असावे.

६. अडकलेच तर

दोन भाग चिकटले तर स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नये; कड तुटते आणि जोड कायमचा बिघडतो. साचा पाण्यात बुडवून ठेवावा किंवा जोडावर पाण्याची धार सोडावी, आणि लाकडी हातोडीने सगळीकडून हलके ठोकत राहावे. बहुतेक वेळा पाणी फटीत शिरते आणि भाग सुटतात. माती अडकली असेल तर थांबावे. वाळली की आकसते. तरीही न निघाल्यास ओल्या मातीचा गोळा दाबून उचलावा. लोखंडी वस्तूने खरवडू नये. साचा तर खराब होतोच, शिवाय प्लास्टरचे कण मातीत मिसळतात. असा कण भाजल्यावर चुन्यासारखा होतो, हवेतला ओलावा घेऊन फुगतो आणि विकलेल्या पणतीचा टवका काही दिवसांनी उडतो.

तेल मुरलेला साचा पूर्ववत होईल अशी आशा धरू नये. मूळ साचा असेल तर नवा ओतावा.

७. सुरक्षितता

घट्ट होताना प्लास्टर चांगलेच तापते. हातापायाचा ठसा घेण्यासाठी मुलांचे हात त्यात कधीही ठेवू नयेत. तेल किंवा व्हॅसलिन लावले तरी चटका टळत नाही. इंग्लंडमध्ये २००७ साली एका शाळेत एका मुलीने ठसा घेण्यासाठी प्लास्टरमध्ये हात ठेवले. ते घट्ट झाल्यावर हात निघेनात आणि भाजल्यामुळे तिला बहुतेक बोटे गमवावी लागली. शाळेत प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे आधी सांगावे.

प्लास्टर पाण्यात भुरभुरवावे, प्लास्टरवर पाणी ओतू नये. भुकटी श्वासात जाऊ देऊ नये. उरलेले प्लास्टर मोरीत किंवा ओढ्यात टाकू नये. बादलीतच घट्ट होऊ द्यावे आणि खड्ड्यात पुरावे.

८. गटात करून पाहा

जुन्या प्लास्टरचे चार सपाट तुकडे घ्या. एक कोरा ठेवा. दुसऱ्याला तेल, तिसऱ्याला साबण कृतीप्रमाणे, चौथ्याला शंखजिरे लावा. प्रत्येकावर पाण्याचा थेंब ठेवा आणि काय होते ते पाहा. मग प्रत्येकावर सारख्याच मातीची लहान पोळी दाबून अर्ध्या तासाने उचला. कोणती स्वच्छ सुटली, कोणती ओली राहिली, हे सगळ्यांनी हात लावून पाहावे. सांगून जे पटत नाही ते या चार तुकड्यांवरून पटते.

चर्चेसाठी प्रश्न

१. सेंटरिंगच्या फळीला तेल चालते, मातीच्या साच्याला का चालत नाही?

२. आपल्या गटात माती चिकटते तेव्हा सर्वात आधी कोणते कारण तपासाल?

३. आपण वापरतो तो साबण खरा आहे की डिटर्जंट? कसे ओळखाल?

४. आपल्या गटाकडे मूळ साचा आहे का? नसल्यास या पावसाळ्याआधी तो कोण आणि कधी करील?

ज्यांना हे काम पुढे शिकायचे आहे त्यांच्यासाठी खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्था बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथे आहे, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीचा ग्रामोदय संघ हेही या क्षेत्रातले जुने नाव आहे. तिकडे जाण्याआधी आपल्या साच्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून पाहा. तो मुरला तर साचा मातीकामाला तयार आहे. नाही मुरला तर कोणी काय सांगितले आणि दुकानात कोणती बाटली मिळते याचा विचार बाजूला ठेवा, आणि साचा आधी वाळवा.